रान, पाट आणि पंच

खानदेश म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे तीन गोष्टी उभ्या राहतात : केळी, कापूस आणि ऊन. भुसावळवरून गाडीने जाणाऱ्या प्रवाशाला खिडकीतून तेवढेच दिसते, त्याचा त्यात दोष नाही. पण गावांची नावे जरा कान देऊन ऐकावीत. पळासनेर, पिंपळनेर, बोरकुंड, वडजाई. ज्या मुलखाने गावांना झाडांची नावे दिली, तो मुलूख कधी काळी उघडाबोडका असेल असे वाटत नाही. आणि तो नव्हताच. तापी, गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर, अनेर या नद्यांच्या थड्या एके काळी रानाने झाकलेल्या होत्या. ते रान गेले कसे, आणि एका कोपऱ्यात ते परत आले कसे, ही हकीकत सांगण्यासारखी आहे.

रान गेले असे म्हटले की आपल्याला वाटते, पूर्वी सगळे अरण्य होते, मग माणूस आला आणि त्याने ते तोडले. खानदेशचा इतिहास इतका सरळ नाही. १६०१ साली अकबराने असीरगड घेतला आणि फारुकी सुलतानांचे राज्य संपले. शाहजादा दानियाल याच्या नावावरून या सुभ्याला काही काळ ‘दानदेश’ असेही म्हणत. त्या काळच्या ‘ऐन-ए-अकबरी’त या प्रांताचे जे वर्णन आहे, ते पडीक जमीन थोडी आणि गावे शहरांसारखी नांदती, असे आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचा खानदेश हा नांगराखालचा, भरल्या गोठ्यांचा मुलूख होता.

मग रान आले कुठून? ते आले माणसांच्या दैन्यातून. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून या प्रांतावरून फौजा आणि लुटारू जाऊ-येऊ लागले. १८०२ साली होळकरांच्या फौजेने मुलूख तुडवला, आणि त्याच्या पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला. गावेच्या गावे उठली. विहिरी बुजल्या, नद्यांवरचे बंधारे फुटले ते फुटलेच राहिले, शेतांत आधी बोर-बाभूळ आणि मग पळस माजला. १८१८ साली इंग्रजांचा अंमल बसला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने पुढल्याच वर्षी धुळ्यास आपले ठाणे केले, तेव्हा त्याच्या वाट्याला आलेला प्रांत असा होता : ओसाड गावठाणे, डोंगरांत रोखून बसलेले भिल्ल, आणि नदीकाठच्या झाडीत वाघ. वाघांनी नेलेल्या माणसांचे त्या वेळचे सरकारी आकडे शेकड्यांनी आहेत आणि गुरांचे हजारांनी.

हा लंबक ध्यानात ठेवावा. माणूस हरला तेव्हा रान वाढले. पुढे माणूस सावरला तेव्हा रान हरले. दोघे एका ठिकाणी सुखाने नांदले, असा काळ या इतिहासात फारसा आढळत नाही.

इंग्रजी अमलात लंबक दुसऱ्या टोकाला गेला, आणि तो फार वेगाने गेला. १८२५ साली जेम्स आउट्रम या तरुण अंमलदाराने भिल्लांची पलटण उभी केली. धरणगाव हे तिचे ठाणे. हा मनुष्य धाडसी खरा, पण त्याचा छंद शिकारीचा. दहा वर्षांत दोनशेच्या जवळपास वाघांच्या शिकारीत तो हजर होता, असे त्याच्या चरित्रकाराने कौतुकाने नोंदवले आहे. त्या काळी ते कौतुकाचेच काम होते. ज्या घरातले माणूस वाघाने नेले, त्या घराने आउट्रमला दुवाच दिला असेल. रान तोडून जमीन कसणाऱ्याला सारा हलका, जंगली जनावर मारणाऱ्याला बक्षीस, असा तो जमाना. मग १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि खानदेशच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास लोहमार्ग भुसावळला पोहोचला. रुळांखाली सागाचे स्लीपर, इंजिनात सुरुवातीला लाकूड, गावोगावच्या जिनांना जळण. तीस-चाळीस वर्षांत मैदानातले रान संपले. उरले ते सातपुड्यात आणि पश्चिमेच्या डोंगरांत.

त्यावर सरकारचा उपाय म्हणजे १८७८ चा जंगल कायदा. उरलेल्या रानाभोवती हद्दीचे दगड बसले, आत ‘राखीव’ असा शब्द गेला, आणि ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची चूल त्या रानावर पेटत होती, ते कोकणा, भिल्ल, पावरा एका दिवसात आपल्याच अंगणातले चोर ठरले. मोळी आणणे हा गुन्हा, आणि साहेबाच्या परवान्याने सागाचे गाडेच्या गाडे नेणे हा व्यापार! १९३० साली महाराष्ट्रभर जंगल सत्याग्रह झाले, त्यामागे हीच जळजळ होती. पण ह्या कायद्याने आणखी एक गोष्ट झाली, ती फारशी कोणी बोलून दाखवीत नाही. रान ‘सरकारी’ झाले म्हणताच गावाचा त्याच्याशी जिव्हाळा तुटला. जे आपले नाही ते राखायचे कोणी? मिळेल तेव्हा मिळेल तेवढे आणावे, एवढेच नाते उरले.

नदीकाठच्या झाडीची गत तर याहून वाईट झाली. डोंगरातले रान निदान दप्तरात तरी होते. थडीवरचा उंबर, करंज, जांभूळ, अर्जुनसादडा, पाण्यात पाय सोडून उभा असलेला वाळुंज, मळईच्या कडेची बाभूळबने यांची मोजदाद कोण ठेवणार? करंजाच्या नि उंबराच्या मुळ्या काठाची माती मुठीत धरून ठेवतात; सावलीमुळे डोह उन्हाळ्यात तगतात; पाचोळा कुजून माशांना आणि मळ्याला खाऊ मिळतो. हे गावकऱ्याला शिकवावे लागत नव्हते. तरी एकेक झाड गेले. कुणाच्या घराच्या आढ्याला गेले, कुणाच्या गुऱ्हाळाच्या चुलीत गेले, कुणाच्या बांधाच्या भांडणात गेले. त्यांच्या जागी आता तापीकाठी मैलोन्‌मैल दिसते ती वेडी बाभूळ. ती या मातीतली नाही, बाहेरून आणून लावलेली आहे.

आता गंमत पहा. ज्या पांझरेच्या थडीवरचे झाड गावांना राखता आले नाही, त्याच पांझरेचे पाणी त्याच गावांनी तीन-चारशे वर्षे अशा शिस्तीने वाटून घेतले की भल्याभल्या इंजिनिअरांनी तोंडात बोट घालावे. ही पद्धत म्हणजे फड. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ती रुजली. पिंपळनेर-सामोड्यापासून खाली धुळ्याकडे येताना पांझरेवर एकामागून एक दगडी बंधारे लागतात. प्रत्येक बंधाऱ्याच्या एका बगलेतून पाट निघतो, आणि पाटाखालच्या जमिनीचे सामान्यतः तीन-चार मोठे भाग केलेले असतात. त्या एकेका भागाला ‘फड’ म्हणावयाचे.

या व्यवस्थेतली खरी मेख पुढेच आहे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यावयाचे. ऊस ठरला की अवघ्या फडात ऊस, गहू ठरला की गहू. पुढल्या वर्षी पिकांची पाळी फिरते. आणि गावातल्या बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते. त्यामुळे नदीला पाणी कमी आले आणि पंचांनी एकच फड भिजवावयाचा ठरवला, तरी कोणी पार बुडत नाही. तोटा आला तर सर्वांच्या घरी थोडा थोडा, आणि नफा झाला तर तोही तसाच. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे, त्याच्यावर देखरेख हवालदाराची, आणि उभ्या पिकाची राखण जागल्याची. ह्यांतला कोणी सरकारी नोकर नव्हे. फडातले शेतकरी त्यांना धान्यात मोबदला देत. पावसाळा सरला की प्रत्येकाने आपल्या वाट्याप्रमाणे पाटातला गाळ काढावयाचा; न येणाऱ्याला दंड. पाटकरी एकदा पाळीला लागला की पाटील असो की कुळवाडी, मधेच पाणी वळवून घेण्याची कोणाची छाती होत नसे.

१८८४ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नावाचा एक तरुण इंजिनिअर मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागला आणि त्याची नेमणूक याच भागात झाली. साक्रीजवळच्या दातर्ती येथे पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळ टाकून पाणी पलीकडे नेण्याचे काम त्याच्या पदरात पडले. ऐन पावसाळ्यात पुराने त्याला जेरीस आणले, तरी काम त्याने तडीस नेले. पुढे दख्खनच्या कालव्यांसाठी याच गृहस्थांनी जमिनीचे गट पाडून पिकांची पाळी लावण्याची ‘ब्लॉक’ पद्धत सुचवली. तिचे वर्णन वाचताना फडाची आठवण आल्यावाचून राहत नाही.

मग पाण्याला जे जमले ते झाडाला का जमले नाही? मला याचे उत्तर असे दिसते. नदीचे पाणी कोणाला कोठारात भरून ठेवता येत नव्हते, आणि १८७८ च्या कायद्यासारखा दगड पाण्यावर कोणी बसवला नव्हता. बंधारा गावाचा होता. फुटला तर गावाचे पोट फुटत होते. रानाच्या बाबतीत मालक दूर धुळ्यास किंवा पुण्यास बसलेला, आणि भूक मात्र गावात. पंचांची सत्ता पाटाच्या शेवटच्या चारीपाशी संपत होती. तिच्या पलीकडच्या टेकडीवर ती चालत नव्हती.

ती टेकडीवर चालवून दाखवली बारीपाड्याने.

साक्री तालुक्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या हद्दीजवळ, शंभरएक घरांचा हा आदिवासी पाडा. वस्ती मुख्यतः कोकणा समाजाची. १९९० च्या सुमारास इथली अवस्था त्या पट्ट्यातल्या कुठल्याही पाड्यासारखी होती. भोवतालचे डोंगर तोडून बोडके झालेले, पावसाळ्यात ओढे दोन दिवस गर्जून कोरडे पडणारे, हिवाळा सरण्याच्या आत बायकांची हंड्यासाठी पायपीट सुरू, आणि पुरुष मजुरीसाठी किंवा ऊसतोडीसाठी मुलूख सोडून. दारूच्या भट्ट्यांना लाकूड लागे, तेही रानातूनच येई. अशा गावात चैत्राम पवार नावाचा एम. कॉम. झालेला तरुण नोकरीच्या मागे न लागता राहिला. वनवासी कल्याण आश्रमाचे डॉ. आनंद फाटक यांची त्याला साथ मिळाली. १९९२ साली महाराष्ट्र सरकारने गावांना बरोबर घेऊन जंगल राखण्याचा निर्णय काढला होता, त्याचाही आधार झाला. पण सरकारी निर्णय हजारो गावांसाठी निघतात. बारीपाड्याने त्याच्या आधाराने आपला स्वतःचा कायदा केला, म्हणून तो चालला.

कायदा साधा. कुऱ्हाड घेऊन रानात जावयाचे नाही. झाड तोडताना सापडेल त्याला १०५१ रुपये दंड, आणि पकडून देणाऱ्याला बक्षीस. बैलगाडी रानात न्यावयाची नाही. वाळलेले सरपण ठरलेल्या दिवसांतच, ठरलेल्या रीतीने आणावयाचे. राखणीला गावातलीच दोन वडीलधारी माणसे, आणि त्यांचा मोबदला घराघरांतून. वाचकांना पांझरेचा जागल्या आठवला असेल. पुस्तकातून कोणी ही रीत उचलून आणली असेल असे नव्हे; पण ज्या मुलखात राखणदाराचे पोट गावाने भरण्याची सवय मुरलेली असते, तिथे ती अशी पुन्हा उगवून येते.

पहिला दंड परक्या गावच्या माणसाला करणे सोपे असते. पंचांची कसोटी लागते ती सोयऱ्याला दंड करताना. शेजारच्या पाड्यांतून माणसे रात्री लाकडासाठी येत, त्यांच्याशी भांडणे होत. आणि ही माणसे म्हणजे कोणाचा मेव्हणा, कोणाचा साडू. ती वर्षे गावाने काढली. जोडीला डोंगरउतारावर समतल चर खणले, ओढ्यांत दगडांचे बांध घातले. हेही बहुतांशी श्रमदानाने. सुमारे ४४५ हेक्टर, म्हणजे अकराशे एकर रान या रीतीने राखले गेले. मुद्दाम झाडे लावावी लागली ती थोडीच. तोडलेल्या खोडांना फूट आली, मातीत पडून राहिलेले बी रुजले. कुऱ्हाड थांबली की रान आपले काम आपण करते. पाणी मुरू लागले, विहिरींना उन्हाळ्यातही तळ दिसेनासा झाला, ओढ्याकाठी उंबर-करंजाची रोपे पुन्हा डोके वर काढू लागली. एक पीक घेणारे शेतकरी भाताच्या मागून दुसरे पीक घेऊ लागले, आणि ज्या गावाची माणसे बाहेर पाण्यासाठी हिंडत, त्याने शेजारच्या गावांना पाणी दिले. २००३ साली आंतरराष्ट्रीय कृषिविकास निधीने या गावाचा गौरव केला. २०२५ साली चैत्राम पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण अशा कथांत ती बहुधा झाकली जाते. रान बंद केले म्हणजे त्याची किंमत कोणीतरी भरते, आणि ती सर्वांना सारखी पडत नाही. ज्याची पाच एकर जमीन आहे त्याचे मोळीवाचून अडत नाही. ज्या बाईचा आठवडा बाजारातल्या मोळीवर निघतो, ज्या घरात चार शेळ्यांखेरीज दुसरी पुंजी नाही, त्यांच्या ताटात ती बंदी पहिल्या दिवशी उतरते, आणि रानाचे फळ दहा वर्षांनी लागते. मधली दहा वर्षे काढायची कशी? फडाने या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाला प्रत्येक फडात वाटा देऊन काढले होते. रानाला तशी वाटणी करता येत नाही. बारीपाड्याला जमले त्याचे कारण मला असे वाटते की गाव लहान, बहुतेक एका समाजाचे, आणि जमिनीत फार मोठी तफावत नसलेले. जिथे एकाकडे शंभर एकर आणि दहांकडे काही नाही, तिथे केवळ बारीपाड्याचे नियम उतरवून घेतले तर ते गरिबावरचा दुसरा जंगल कायदाच होतील.

मोठ्या, अनेक जातींच्या गावाचेही एक उदाहरण धुळे तालुक्यातच आहे, ते लामकानीचे. तिथे धुळ्यातले पॅथॉलॉजिस्ट डॉ. धनंजय नेवाडकर यांनी या शतकाच्या आरंभापासून आपल्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून दाखवली. तिथले रान झाडांपेक्षा गवताचे. एरवी मे महिन्यात गुरे विकावी लागणाऱ्या गावात चारा शिल्लक राहू लागला. कापून आणलेला चारा भूमिहीनाच्या दावणीपर्यंतही पोहोचू शकतो. मोकळी चराई ज्याची गुरे जास्त त्याच्याच कामाची असते.

कायद्यानेही आता उशिरा का होईना पाऊल मागे घेतले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपले परंपरागत रान राखण्याचा आणि त्याची व्यवस्था पाहण्याचा हक्क दिला. १८७८ ते २००६, म्हणजे १२८ वर्षे! खानदेशातल्या डोंगरी गावांना तो हक्क कागदावर मिळवायला पुन्हा मोर्चे काढावे लागले, अर्ज करावे लागले, नकाशे काढावे लागले, ही गोष्ट वेगळी.

पांझरेचे फड मात्र दुबळे झाले आहेत. वरच्या अंगाला धरणे झाली, नदीचा हिवाळी प्रवाह आटला, आणि ज्याच्या विहिरीवर मोटार त्याला पाटकऱ्याची गरज उरली नाही. काही बंधारे अजून पाणी देतात, काहींच्या पाटांतून फक्त पावसाळा वाहतो. थडीवर झाडी पुन्हा आणावयाची तर ती वरून, ओढ्यांच्या उगमाकडून आणावी लागेल, असे बारीपाड्याकडे पाहून वाटते. खाली वाळू उपसणाऱ्या यंत्रांच्या शेजारी रोपे लावून ती जगत नाहीत. आणि रान उरले तर त्यात कोण येऊन राहील याचा भरवसा नाही. जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगरच्या बाजूला, वढोदा-डोलारखेड्याच्या परिसरात, पूर्णेच्या घळींतल्या झाडीत आणि लगतच्या केळीच्या बागांत वाघ राहतात. आउट्रमने शिल्लक ठेवलेला वंश म्हणा हवे तर! बागवानाला त्याची भीती आहे, आणि ती खोटी नाही.

दिवाळी अंकाच्या वाचकांना फराळाचे ताट समोर असताना दंड नि चर यांच्याच गोष्टी सांगणे बरे नव्हे, म्हणून बारीपाड्याच्या एका सणाची हकीकत सांगतो. २००४ पासून तिथे पावसाळ्याच्या सुमारास रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. पाड्यापाड्यांवरच्या बायका आपापली भाजी रांधून आणतात. कुरडू, टाकळा, शेवळा, चाईचा मोहोर, बांबूचे कोवळे कोंब, कडवट कंद. कित्येक भाज्या कच्च्या खाल्ल्या तर घसा खाजवतात, काही तर बाधतात. कोणती किती वेळा उकळावी, कोणत्या पाण्यातले पाणी फेकावे, कशात आंबट पाला घालावा, ही विद्या म्हाताऱ्यांच्या हातात असते. शेवळ्याला बोंडाऱ्याचा पाला किंवा काकडाची फळे पाहिजेतच, हे कुठल्याही शेतकी पदवीच्या पुस्तकात नसेल. परीक्षक बाहेरचे असतात. ते चमचाभर चाखतात आणि विचारतात, आजी, ही भाजी कुठे सापडते? मग आजी त्यांना ओढ्याचे वळण, खडकाची बाजू, पहिला पाऊस पडून किती दिवस झाले पाहिजेत, सगळे सांगत बसते. आणि मागे उभ्या असलेल्या नाती ते ऐकत असतात.